तीन दिवस घर कोणाच्या भरवशावर?

(नाशिक, सिडको भागातल्या एका महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जन्मगावी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जायचं आपलं ठरलं आहे. वाटेत पुण्याला फुले वाडा बघायचा. जाऊन येऊन तीन दिवस, दोन रात्री. नावं नोंदवायला सुरुवात झाली तेव्हा उत्साह होता, मग हळूहळू नावं गळायला लागली. पैशाची अडचण होती तिथं मंडळानं हप्ते पाडून दिले. एक-दोघींच्या घरी आजारपण आहे, ते समजू शकतं. पण बाकीच्या जवळजवळ सगळ्याजणींनी एकच कारण सांगितलं. "घर कोण बघणार?" म्हणून आज सावित्रीबाईंवर बोलण्याऐवजी मी कडी-कोयंडा, कुलूप आणि किल्ल्या यांच्यावर बोलणार आहे. हसू नका. आपल्या शिबिरांमध्ये कायदा येतो, आरोग्य येतं, हिंसा येते, कुलूप कधी येत नाही. आणि प्रत्यक्ष घराबाहेर पडायची वेळ आली की बाई अडते ती कुलपापाशीच.

"घर कोण बघणार" या तीन शब्दांत दोन वेगळे प्रश्न एकात एक गुंडाळलेले आहेत. एक, घर बंद राहिलं तर चोरी होईल ही भीती. ती खरी आहे, तिच्याबद्दल मी सविस्तर बोलणार आहे. दुसरा प्रश्न वेगळाच आहे. आपल्यातल्या एकीला मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" म्हणाली, "हे असतात, सासरे असतात, दोन मुलगे आहेत, एक कॉलेजात, एक कंपनीत." म्हणजे चार पुरुष. "मग घर रिकामं कसं?" तर म्हणाली, "ते असतात हो ताई, पण घराकडं लक्ष नसतं कुणाचं. मागचं दार उघडं टाकून गच्चीवर जाऊन बसतात." आता हा काही चोरांचा प्रश्न नाही. दार लावून घेणं हे ज्या घरात फक्त बाईचं काम आहे, तिथं कुलूप बदलून काय होणार? त्या मुलांना तिनं वीस वर्षांत स्वयंपाक शिकवला नाही हे आपण बोलतोच, पण रात्री झोपण्यापूर्वी सगळ्या कड्या तपासायच्या असतात हेही कुणी शिकवलेलं नाही. ते या आठवड्यात शिकवा. त्याला तीन दिवसही लागत नाहीत.

बाई म्हणजे घराची राखण, ही समजूत आली कुठून? जुन्या नाशकातले वाडे तुम्ही पाहिले असतील. पंचवटीत, भद्रकालीत, तिवंध्याला अजून काही उभे आहेत. मोठा दरवाजा, त्यात वाकून जायची दिंडी, आणि दरवाज्यामागं आगळ. आगळ म्हणजे जाडजूड लाकडी दांडा. भिंतीतल्या खोबणीतून ओढायचा आणि दारामागून आडवा घालायचा. मजबुतीला तिच्या तोडीचं आजही थोडंच काही असेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आगळ आतूनच लागते. ती लावायला कुणीतरी आत असावं लागतं. म्हणजे घर बांधतानाच गृहीत धरलेलं होतं की सगळी माणसं एकदम बाहेर जाणार नाहीत, कुणीतरी कायम आत राहील.

ते कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नकोच. आणि त्यातही घरातली विधवा. लग्नाला सगळा वाडा बैलगाड्या जोडून निघायचा, तेव्हा आलवणातली आत्या नाहीतर काकू मागं राहायची. तिला मंगलकार्यात न्यायचं नाही कारण ती अपशकुनी, आणि दागिने, धान्य, गुरं हे सगळं मात्र तिच्याच भरवशावर टाकून जायचं! एवढा विश्वास एरवी तिच्यावर कुणी कधी टाकला नसेल. घरोघरच्या जुन्या बायकांच्या तोंडून हे ऐकायला मिळतं, तुमच्याही आज्यांनी सांगितलं असेल.

म्हणून मला कुलूप ही बाईच्या बाजूची वस्तू वाटते. ते बाहेरून लावता येतं. ते लावलं की मागं कुणाला बसवून ठेवावं लागत नाही. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ साली कुलपं बनवायला सुरुवात केली आणि पुढं कारखान्यात बनलेलं पक्कं कुलूप साध्या घरांनाही परवडायला लागलं. याचा इतिहास लिहिताना कुणी बायकांचा उल्लेख करत नाही, पण नवरा-बायको दोघं मिळून सिनेमाला गेली यात त्या कुलपाचाही वाटा आहेच.

आता कुणी म्हणेल, खेड्यात कुठं कुलपं असतात, तिथं माणुसकीवर चालतं. मग आपल्या शेजारच्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर. तिथं घरांना दारं-कुलपं लावायची नाहीत अशी प्रथा. शनिदेव राखण करतो ही श्रद्धा. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा काढली आणि "बिनकुलपाची बँक" म्हणून तिची देशभर बातमी झाली. खरं तर तिथं काचेचं दार होतं आणि चटकन दिसू नये असं विजेवर चालणारं कुलूपही. श्रद्धाही राखली, रोकडही राखली. बँकेला कुणी नावं ठेवली नाहीत, मग आपल्याला कशाला लाज? पण मला त्या गावाची दुसरी गोष्ट जास्त आठवते. जिथं घरांना दार नव्हतं, तिथं शनीच्या चौथऱ्यावर बायकांना मात्र मज्जाव होता. विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, तृप्ती देसाई आणि त्यांच्या कार्यकर्त्या रस्त्यावर उतरल्या, आणि एप्रिल २०१६ मध्ये, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो मज्जाव उठला. घर उघडं टाकायला हरकत नाही, बाई चौथऱ्यावर चढली तर मात्र देव कोपेल, असा तो हिशोब होता.

आणि आपल्याच जिल्ह्यात चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. लाखावर बायका जमल्या होत्या. शेतकरी घरातल्या बायका! त्यांच्या घरात काय फक्त कपाट होतं? दावणीला गुरं, कणगीत धान्य, अंगणात कोंबड्या. कुलूप लावून चालू पडावं अशी ती घरं नव्हतीच. मागं कुणीतरी धार काढली, गुरांना पाणी दाखवलं, पोरांना भाकरी घातली, म्हणून त्या येऊ शकल्या. त्याच चळवळीतून पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. नवऱ्यानं जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यायचा. बाई घराबाहेर पडली की घर कुणाच्या नावावर आहे इथपर्यंत गोष्ट पोचतेच. तिथं आपणही येऊ.

आधी चोरांचं बघू. नाशिकच्या वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी एका ठरावीक साच्यातली असते. बंद घर, घरमालक बाहेरगावी, कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्याचा प्रवेश, कपाटातले दागिने आणि रोकड लंपास. या बातम्या नीट वाचा, त्यात पुष्कळ शिकण्यासारखं आहे. बघा, "कुलूप उघडून" असं क्वचितच असतं. चांगल्या कुलपात आत पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी आपापल्या ठरलेल्या उंचीला उचलली जाते आणि सगळ्या बरोबर जागी आल्या तरच खिटी सरकते. पट्ट्या जितक्या जास्त, तितकी दुसरी किल्ली लागणं अवघड. तेव्हा घरफोड्या त्या भानगडीत पडत नाही. तो कटावणी घालतो आणि कोयंडा चौकटीसकट उचकटतो. आपण कुलपाला सातशे-आठशे रुपये घालतो आणि कोयंडा मात्र अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर लोंबकळत असतो. सुतार बोलवा, कोयंड्याला आरपार बोल्ट मारून घ्या आणि नट आतल्या बाजूला येऊ द्या. लाकूड भुसभुशीत झालं असेल तर मागं लोखंडी पट्टी लावून घ्या. माझ्या मते एवढं एकच काम या आठवड्यात झालं तरी निम्मी काळजी मिटेल.

दुसरं असं की लोंबतं कुलूप रस्त्यावरून दिसतं. ते स्वतःच ओरडून सांगतं की घरात कुणी नाही. शक्य असेल तर दारात बसवलेलं कुलूप किंवा लॅच वापरा, म्हणजे दार नुसतं लोटलंय की बंद आहे हे लांबून कळत नाही. आणि पुढच्या दारालाच सगळी मजबुती देऊ नका. आपल्याकडं सिडकोच्या घरांवर मजले चढलेत, एकाची गच्ची दुसऱ्याच्या गच्चीला लागलेली. जिन्याचं वरचं दार पत्र्याचं असतं आणि त्याला साधी कडी असते. बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या तर हातानं निघतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणींनी ड्राय बाल्कनीचं दार बघावं.

मग घर रिकामं आहे हे बाहेर कशावरून कळतं? दारात पडलेली दुधाची पिशवी. साचलेले पेपर. दिवसाढवळ्या जळणारा बाहेरचा दिवा. लोक मुद्दाम दिवा लावून जातात, तो रात्री घर भरलेलं दाखवतो आणि दिवसा रिकामं. शेजारणीला सांगून तो सकाळी बंद करवा, किंवा ठरल्या वेळी चालू-बंद होणारं बटण मिळतं ते लावा. पण आपल्याकडची सगळ्यात मोठी खूण रांगोळी आहे. ज्या उंबऱ्यापुढं रोज सडा-रांगोळी होते, तिथं दोन दिवस ती दिसली नाही की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही कळतं. शेजारच्या मुलीला सांगा, चार ठिपके काढत जा म्हणून. दोरीवर एखादा टॉवेल वाळत राहू द्या. आणि फोनवर प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. फुले वाड्यापुढं उभी राहिलेली तू रात्री नाशकात नाहीस, हे तुझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना कळवायची गरज नाही.

किल्ली पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटरच्या पेटीत ठेवू नका. ती एका माणसाकडं द्या आणि ते माणूस कोण हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. आपल्यातल्या ज्या सहलीला येत नाहीत, त्यांनी तीन-तीन घरं वाटून घेतली तर? सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारायची, कोयंडा हलवून बघायचा, रांगोळी काढायची. पुढच्या सहलीला अदलाबदल. सोसायटीचा वॉचमन, सीसीटीव्ही हे सगळं असू द्या, पण कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो, शेजारीण घडत असताना "कोण आहे रे?" म्हणून विचारते.

आता सोन्याकडं येते. आपण सोनं कुठं ठेवतो? तांदळाच्या डब्यात, देवघराच्या खणात, गादीखाली, जुन्या साडीच्या घडीत. बाई गं, चोरालाही आई असते. त्याला तांदळाचा डबा ठाऊक आहे. घरफोडीनंतर स्वयंपाकघरभर पसरलेली डाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

ज्यांना शक्य आहे त्यांनी बँकेत लॉकर घ्यावा. घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. बँकेच्या हलगर्जीपणामुळं चोरी, दरोडा, आग असं काही झालं किंवा बँकेच्या नोकरानंच अफरातफर केली, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदारी बँकेवर आहे. दोन हजार भाडं असेल तर जास्तीत जास्त दोन लाख. म्हणजे पाच लाखांचं सोनं असेल तर पूर्ण भरपाई मिळेल असं नाही, हे समजून असा. दुसरी, लॉकर उघडला की त्याच दिवशी खातेदाराला मेसेज येतो. तो कुणाच्या फोनवर येतो? मी हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारते आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "यांच्या." सोनं तुझं, आईनं घातलेलं, आणि लॉकर उघडल्याचा निरोप दुसऱ्याला! बँकेत जाऊन आपला नंबर नोंदवायला सांगा. तिसरी, लॉकर दोघांच्या नावावर असेल तर एकट्या माणसाला तो उघडता येतो की दोघांची सही लागते, हे करारात वाचा. वाचता येत नसेल तर आपल्या केंद्रावर आणा, आपण मिळून वाचू.

लॉकर नसला तरी यादी प्रत्येकीनं करायचीच. साधी वही. दागिना, अंदाजे वजन, कुणी दिला, कधी दिला, पावती आहे का. शक्यतो तो दागिना अंगावर घातलेला लग्नातला किंवा सणातला फोटो. १ एप्रिल २०२३ नंतर दुकानातून घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असतो, तोही लिहा. ही यादी दोन वेळा उपयोगी पडते. चोरी झाली तर पोलिसांपुढं, आणि देव न करो, घरातच वाद झाला तर कोर्टापुढं. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं असतं, ते सासरी ठेवायला दिलं म्हणून सासरचं होत नाही, आणि परत देण्याचं नाकारलं तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो. पण कोर्ट विचारतं, काय काय होतं? तिथं आपल्या बायका "खूप होतं हो" एवढंच सांगू शकतात.

आपल्यात धुणीभांडी करणाऱ्या, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याही बसल्या आहेत. त्या म्हणतील, आमच्याकडं कसलं सोनं. त्यांचं सोनं म्हणजे कागद. रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले, जातीचा दाखला, घरपट्टीची पावती, बचत गटाचं पासबुक. पत्र्याची पेटी उचलून नेली की हे सगळं जातं आणि परत काढायला सहा महिने हेलपाटे. झेरॉक्स काढून एक संच दुसऱ्या घरी ठेवा. फोनमध्ये फोटो ठेवा, पण फोनवरच विसंबू नका, तोही चोरीला जातो.

समजा, एवढं करून घर फुटलंच. काय करायचं? आत जाऊन आवराआवर करू नका. सवयीनं हात जातो, पण ठसे पुसले जातात. शेजाऱ्यांना बोलवा, ११२ ला फोन करा. पोलीस ठाण्यात नुसता तक्रार अर्ज देऊन घरी येऊ नका, गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत घ्या, ती फुकट मिळते. जुलै २०२४ पासून नवे कायदे आले आहेत, त्यात घरातली चोरी कलम ३०५ मध्ये आणि घरफोडी कलम ३३१ मध्ये येते. हद्द आमची नाही असं सांगून कोणतंही ठाणं दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारू शकत नाही. फोनवरून किंवा संगणकावरून कळवलं असेल तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. आणि फिर्याद शक्यतो स्वतः द्या. बहुतेक ठिकाणी फिर्यादी नवरा असतो आणि त्याला पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या हे ठाऊक नसतं. चोर सापडला आणि माल जप्त झाला, तरी तो कोर्टाच्या हुकमानं परत मिळतो. त्या वेळी वर्णन जुळावं लागतं.

इथं एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. घर फुटलं की पहिला संशय कामवालीवर. पोलीस विचारतात "कुणावर संशय?" आणि मालकीण सहज म्हणून जाते, "आमच्याकडं एक बाई येते." त्या एका वाक्यानं त्या बाईला ठाण्यात दिवसदिवस बसवून ठेवलं जातं, वस्तीत नाव खराब होतं, बाकीची चार घरं सुटतात. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण या संशयापासून तो तिला वाचवत नाही. तसाच संशय पारध्यांवर. इंग्रजांनी १८७१ साली कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, संशय मात्र गेला नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगा. अंदाजानं कुणाचं नाव घेऊ नका.

आता ज्या कुलपाबद्दल कुणी बोलत नाही, त्याबद्दल. आमच्या सल्ला केंद्रावर एक बाई आली होती. भावाच्या लग्नाला चार दिवस माहेरी गेली. परत आली तर दाराला नवं कुलूप. तिची किल्ली लागेना. नवरा फोन उचलेना. सासू शेजारच्या गल्लीत दिराकडं, ती म्हणाली, मला काही ठाऊक नाही. दोन पोरं, एक बॅग आणि अंगावरची साडी. घरात तिचे दागिने, पोरांची दप्तरं, सगळे कागद. चोर बाहेरून येणार म्हणून ती जाताना सगळ्या खिडक्या तपासून गेली होती, आणि इथं कुंपणानंच शेत खाल्लं. अशा बायका वरचेवर येतात. भांडण होऊन निघालेली बाई निदान सावध असते. सहलीला, लग्नाला, बाळंतिणीला बघायला म्हणून हसत गेलेली पुरती नागवली जाते.

तर लक्षात ठेवा. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, मग ते घर तुमच्या नावावर असो वा नसो. कायद्याची रीतसर कारवाई केल्याशिवाय तुम्हाला तिथून काढता येत नाही. दार न उघडणं, घर वापरू न देणं हाही त्या कायद्यात आर्थिक छळच आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध, असं सांगून पूर्वी वाटेला लावत. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सतीशचंद्र आहुजा यांच्या खटल्यात ठरवलं की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही, सून तिथं नांदत असेल तर, सामायिक घर ठरू शकतं. कुलूप स्वतः फोडायला जाऊ नका, तुमच्यावरच तक्रार होईल. दारापुढं नव्या कुलपाचा फोटो काढा, शेजारच्या दोन माणसांना बोलावून दाखवा, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ ला फोन करा, नोंद करायला लावा. मग संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. कलम १९ खाली घरात राहू देण्याचा आणि स्त्रीधन परत देण्याचा आदेश मागता येतो. कलम १८ खाली दोघांच्या वापरातला लॉकर किंवा खातं परस्पर वापरू नये असा मनाई आदेशही मिळू शकतो. त्यासाठी तुम्ही तिथं राहात होता याचा पुरावा लागतो. आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचे कागद. ती झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवायला मी उगीच सांगितली नाही. ज्यांच्या घरात आधीपासून ताण आहे, त्यांनी निघण्यापूर्वी केंद्रावर येऊन एकदा बोलून जावं. जाऊ नका असं मी सांगणार नाही. तीन दिवस बाहेर राहिलं तर घर हातचं जाईल अशी भीती एखादीला वाटत असेल, तर तिनं आजपासूनच कागद जमवायला लागलेलं बरं.

घर विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की १ एप्रिल २०२१ पासून राज्य सरकारनं बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. त्या सवलतीसाठी तरी कित्येक घरांत बाईचं नाव कागदावर लागलं. सवलतीपुरतं नाव लावून कागद दिराच्या कपाटात ठेवलेले आहेत का, ते मात्र बघा.

राहिलं गॅस आणि पाण्याचं. सगळेच बाहेर जाणार असाल तर रेग्युलेटर नुसता बंद करू नका, सिलिंडरवरून काढा आणि टोपी बसवा. पाण्याचा मुख्य कॉक फिरवा. नळाला पाणी सकाळी कधी येईल सांगता येत नाही, आणि उघडा राहिलेला नळ खालच्या मजल्यावरच्यांशी भांडण लावून देतो. मिक्सर, टीव्ही, गिझरच्या पिना काढा. फ्रिज चालू ठेवायचा असेल तर मेन स्विच बंद करू नका, बाकीची बटणं करा. मागं घरचे राहणार असतील तर हे सगळं त्यांना हातानं करून दाखवायला लावा, सांगून उपयोग नाही.

आणि परत आल्यावर, पाय दुखत असले, केव्हा एकदा चहा टाकते असं झालं असलं, तरी दार उघडल्यावर आधी उंबऱ्यात थांबून वास घ्या. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, पंखा लावू नका, चालू असलेलं काही बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करा.